चाळीस-पन्नास टॅब उघडे असताना माउसशिवाय काम कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: सीबीडी बेलापूरच्या एका सीएचए (आयात-निर्यातीच्या मालाचं कस्टम्सचं काम करणारा एजंट) ऑफिसात डॉक्युमेंटेशनचं काम आहे. विंडोजवर क्रोम. सकाळपासून आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल), डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय), चार-पाच शिपिंग लाइन्सचं ट्रॅकिंग, सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांच्या) साइट्स, बँक, जीमेल आणि व्हॉट्सॲप मिळून चाळीस-पन्नास टॅब उघडे राहतात. हवा तो टॅब वेळेवर सापडत नाही, चुकून भलताच बंद होतो, आणि दोन पार्ट्यांची (ग्राहकांची) लॉगिन एकाच वेळी चालवायला गेलं की एक आपोआप बाहेर पडतं. कीबोर्ड शॉर्टकटनं यातलं किती सुटेल?

पहिल्या दोन तक्रारी पूर्ण सुटतील. तिसरी कीबोर्डनं सुटणार नाही, कारण ती टॅबची नाहीच, लॉगिनची आहे. तिच्याबद्दल शेवटी.

शॉर्टकटच्या साठ-सत्तर ओळींच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या भिंतीवर चिकटवून काहीही होत नाही. तुमच्या कामाला आठ-नऊ पुरतात. फक्त ते कोणत्या क्रमानं शिकायचे याला महत्त्व आहे, आणि बहुतेक लोक नेमका उलटा क्रम धरतात: नवा टॅब उघडायचा कसा हे आधी शिकतात. उघडता सगळ्यांनाच येतं. पन्नास टॅब साठतात ते बंद करायची भीती वाटते म्हणून. ‘बीएल (बिल ऑफ लेडिंग) नंबर टाकून एवढं पान काढलंय, परत लागलं तर?’ ही ती भीती. म्हणून सुरुवात बंद करण्यापासून करा.

कंट्रोल+डब्ल्यू समोरचा टॅब बंद करतं. कंट्रोल+शिफ्ट+टी शेवटचा बंद केलेला टॅब परत आणतं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा, पुन्हा दाबलं की त्याच्याही आधीचा. टॅब ज्या जागी होता बहुधा तिथंच येतो आणि त्याचा मागे-पुढे जाण्याचा इतिहासही सोबत येतो, म्हणजे आल्ट+डावा बाण दाबून आधीच्या पानावर जाता येतं. चुकून आख्खी विंडो बंद झाली तरी हेच दाबायचं, विंडो सगळ्या टॅबसकट उघडते. मशीन रीस्टार्ट झालं, क्रोम नव्यानं उघडलं आणि समोर एकच कोरा टॅब दिसतोय, तेव्हासुद्धा आधी हेच दाबून बघा. मात्र क्रोम बंद होताना सगळ्यात शेवटी एखादी लहान पॉप-अप विंडो बंद झाली असेल, तर पहिल्या दाबाला तीच येते आणि कामाची विंडो दुसऱ्या दाबाला. इथं लोक ‘गेलं सगळं’ म्हणून हात सोडतात. आणखी एकदा दाबा.

काय परत येत नाही तेही नीट माहीत हवं. इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणाऱ्या खासगी) विंडोतला बंद केलेला टॅब येत नाही. अर्धवट भरलेला फॉर्म येईलच याचा भरवसा नाही, आणि पोर्टलचं लॉगिन संपलं असेल तर पत्ता परत येतो पण समोर लॉगिनचं पान उभं राहतं. म्हणजे ट्रॅकिंग, नोटिफिकेशन, टॅरिफ, विनिमय दर असली नुसती वाचायची पानं बिनधास्त बंद करा. ज्यात काही भरताय तो टॅब मात्र सेव्ह किंवा सबमिट झाल्याशिवाय बंद करू नका. अशा पानावर कंट्रोल+डब्ल्यू दाबल्यावर क्रोमनं ‘साइट सोडायची का’ असं विचारलं, तर गडबडीत एंटर मारू नका. एस्केप दाबलं की टॅब जागेवर राहतो.

या जोडीत एक खड्डा आहे. कंट्रोल+शिफ्ट+डब्ल्यू आख्खी विंडो बंद करतं, आणि क्रोम ‘खरंच का’ असं विचारत नाही. शिफ्ट-टी करून झाल्यावर शिफ्टवरचं बोट उचललं नाही आणि डब्ल्यू दाबला, की एका फटक्यात सगळं गायब. उपाय वर आलाच आहे. फायरफॉक्समध्ये एकाहून जास्त टॅब बंद करण्याआधी विचारण्याची सेटिंग आहे, ती चालू ठेवा.

आता हाताबद्दल. तुमच्या कामाचे जवळजवळ सगळे शॉर्टकट एकट्या डाव्या हाताचे आहेत, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. डब्ल्यू, टी, ए, टॅब आणि १ ते ५ हे आकडे या सगळ्या की कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यात येतात. करंगळी डाव्या कंट्रोलवर, अनामिका शिफ्टवर, तर्जनी टीवर. हात उचलायचा नाही, मनगट टेबलाला टेकलेलं. उजवा हात मोकळा राहतो: त्यात इन्व्हॉइस-पॅकिंग लिस्ट असते, नाहीतर तो नंबरपॅडवर असतो. म्हणूनच ॲड्रेस बारमध्ये जायला सगळे कंट्रोल+एल सांगतात तिथं तुम्ही आल्ट+डी वापरा. काम तेच होतं, पण एल उजवीकडे आहे आणि डी डावीकडे.

हात बसला की टॅबना जागा द्या. कंट्रोल+१ ते कंट्रोल+८ डावीकडून त्या-त्या क्रमांकाच्या टॅबवर नेतात. कंट्रोल+९ नवव्या टॅबवर जात नाही, सगळ्यात शेवटच्या टॅबवर जातं, मग टॅब बारा असोत की बावन्न. रोज लागणारे टॅब कायम त्याच क्रमांकावर असले तरच याचा उपयोग. ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडणारा माणूस इंडिकेटर न वाचता नऊ-दहा नंबरकडे वळतो, तसं बोट वळायला हवं. त्यासाठी त्या टॅबवर राइट-क्लिक करून ‘पिन’ करा. पिन केलेले टॅब डावीकडे सरकतात, लहान होतात आणि नवे टॅब त्यांच्यामध्ये घुसत नाहीत.

पिन पाचच करा. आठपर्यंत आकडे चालतात हे खरं, पण सहा, सात, आठला डावा हात ताणावा लागतो आणि बघून दाबावं लागतं. बघूनच दाबायचं तर माउस काय वाईट होता? एक आइसगेट, दोन जीमेल, तीन व्हॉट्सॲप, चार ऑफिसचं जॉब रजिस्टर (एका मालाचं काम म्हणजे एक जॉब), पाच सीबीआयसीचं (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर आणि कस्टम्स मंडळाचं) टॅरिफ आणि नोटिफिकेशन्सचं पान, अशी मांडणी तुमच्या कामाला बसेल. क्रम आपापल्या सवयीनं ठरवा, पण ऑफिसातल्या चारही मशीनवर तोच ठेवा. शेजारच्याच्या जागेवर बसून बीई (बिल ऑफ एंट्री) फाइल करायची वेळ येतेच. बँक पिन करू नका. तिचं सेशन थोड्या वेळात संपतं, आणि समोर कायम उघडा असलेला बँकेचा टॅब ही चांगली सवय नाही.

पिन म्हणजे कुलूप नव्हे. बंद करायची फुली दिसत नसली तरी क्रोममध्ये कंट्रोल+डब्ल्यूनं पिन केलेला टॅबही बंद होतो. शिवाय दोन विंडो उघड्या असतील आणि पिनवाली विंडो आधी बंद झाली, तर दुसऱ्या दिवशी क्रोम उघडल्यावर पिन केलेले टॅब दिसत नाहीत. संध्याकाळी निघताना पिनवाली विंडो शेवटी बंद करा.

आता कंट्रोल+९चा खरा उपयोग. कंट्रोल+टीनं उघडलेला नवा टॅब नेहमी उजव्या टोकाला येतो, म्हणजे तो आपोआप ‘नऊ नंबर’ होतो. एखाद्या कंटेनरचं काम हातात घेतलं की त्याचं पान कंट्रोल+टीनं उघडा. मधे जीमेल बघायला कंट्रोल+२, परत कामावर कंट्रोल+९. रजिस्टरमध्ये नोंद करायला कंट्रोल+४, परत कंट्रोल+९. दिवसातली निम्मी धावपळ या येण्या-जाण्यातच असते आणि त्यात टॅब शोधण्याचा प्रश्नच उरत नाही.

कंट्रोल+टॅब पुढच्या टॅबवर नेतं, कंट्रोल+शिफ्ट+टॅब मागच्या. दोन-तीन शेजारच्या टॅबपुरतं ठीक आहे. पन्नास टॅबमध्ये कंट्रोल+टॅब धरून ठेवणं म्हणजे माउसपेक्षा हळू काम. एक्सेलवर बसणाऱ्यांना कंट्रोल+पेज डाउन आणि कंट्रोल+पेज अप सोपं जातं, कारण एक्सेलमध्ये त्याच कीनं शीट बदलते आणि क्रोममध्ये टॅब. फायरफॉक्समध्ये मात्र एक फरक आहे: तिथं कंट्रोल+टॅब अलीकडे वापरलेल्या क्रमानं फिरायची सेटिंग असते आणि बऱ्याच मशीनवर ती चालू सापडते. मग टॅब ‘उड्या मारतात’ असं वाटतं. सेटिंग्जच्या जनरल भागात त्याची टिक काढता येते. खरं तर दोनच टॅबमध्ये आलटून-पालटून काम असेल तर ती सोय उत्तम आहे, काढायची घाई नको.

पाच पिन आणि तो शेवटचा ‘नऊ नंबर’ टॅब सोडून बाकी जे चाळीस आहेत, ते डोळ्यांनी शोधायचे नाहीत. टॅब इतके झाले की पट्टीवर नावं दिसतच नाहीत, नुसती चिन्हं उरतात, आणि एकाच शिपिंग लाइनचे सहा टॅब असतील तर सहाही चिन्हं सारखीच. क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा एज, दोन्हींत कंट्रोल+शिफ्ट+ए दाबलं की टॅब शोधायची चौकट उघडते. दोन-तीन अक्षरं टाइप करा, यादी आकसते, खालच्या बाणानं हवा तो निवडा, एंटर. सगळ्या उघड्या विंडोंमधले टॅब यात दिसतात आणि क्रोममध्ये खाली नुकतेच बंद केलेलेही येतात. कंट्रोल+शिफ्ट+टी आठ वेळा दाबण्यापेक्षा इथून हवा तेवढाच उचलता येतो.

दुसरा मार्ग ॲड्रेस बारमधून जातो. आल्ट+डी दाबून उघड्या टॅबचं नाव टाइप करायला लागलं की सूचनांमध्ये ‘या टॅबवर जा’ अशा अर्थाचं बटण दिसतं. क्रोममध्ये ॲट-चिन्ह लावून इंग्रजीत टॅब्स (@tabs) लिहून स्पेस दिली की शोध फक्त उघड्या टॅबपुरता राहतो. फायरफॉक्समध्ये तेच काम टक्क्याची खूण आणि स्पेस देऊन होतं.

शोध फसतो तो एका ठिकाणी. हा शोध पानाच्या आतला मजकूर बघत नाही, पानाचं शीर्षक आणि साइटचं नाव बघतो. पुष्कळ पोर्टलवर कुठलंही पान उघडा, टॅबवर शीर्षक एकच. ट्रॅकिंगचे सहा टॅब आणि सहाही टॅबवर नुसतं ‘ट्रॅकिंग’. मग कंटेनर नंबर टाइप करून काही सापडणार नाही. अशा वेळी टॅबला नाव देता येत नसलं तरी विंडोला देता येतं. एका जॉबचं सगळं एका वेगळ्या विंडोत ठेवा. कंट्रोल+एननं नवी विंडो उघडा, वरच्या पट्टीच्या रिकाम्या भागावर राइट-क्लिक करून ‘नेम विंडो’ निवडा आणि पार्टीचं नाव किंवा जॉब नंबर लिहा. आता आल्ट+टॅब दाबल्यावर विंडोच्या नावात तेच दिसतं. एका विंडोत सात-आठ टॅब, विंडो चार. पन्नास टॅबच्या एका लांबलचक पट्टीपेक्षा हे कितीतरी सुटसुटीत. टॅब ग्रुपला रंग आणि नाव देऊन असंच काहीसं साधतं, पण ग्रुप दिसायला माउसनं वर बघावं लागतं आणि विंडो आल्ट+टॅबमध्ये येते, म्हणून विंडोचा पर्याय मला जास्त पटतो.

विंडोज ११मध्ये आल्ट+टॅब दाबल्यावर एजचे टॅबही वेगवेगळ्या विंडोंसारखे दिसून गर्दी होत असेल, तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंगमध्ये जाऊन टॅब दाखवू नका असा पर्याय निवडा. आल्ट+टॅबमध्ये फक्त विंडो राहू द्या, टॅबसाठी कंट्रोल आहेच.

टॅब पुढे-मागे सरकवायचा असेल तर कंट्रोल+शिफ्ट+पेज अप डावीकडे आणि कंट्रोल+शिफ्ट+पेज डाउन उजवीकडे नेतं. बऱ्याच लॅपटॉपवर पेज अप-डाउनच्या वेगळ्या की नसतात, त्या एफएन धरून वर-खाली बाणांवर असतात; मग चार की एकदम दाबाव्या लागतात. तेवढ्यासाठी माउसनं ओढा. टॅब ओढून वेगळ्या विंडोत काढणंही माउसनंच बरं. कीबोर्ड वापरायचा म्हणजे माउसला शिवायचंच नाही, असा काही नेम नाही.

उघडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. कंट्रोल धरून लिंकवर क्लिक केलं की पान मागे, शेजारच्या टॅबमध्ये उघडतं आणि तुम्ही आहात तिथंच राहता. कंट्रोल+शिफ्ट धरून क्लिक केलं की पान उघडतं आणि तुम्ही त्यावर जाता. दहा नोटिफिकेशन्स वाचायच्या असतील तर आधी दहाही कंट्रोल-क्लिकनं उघडून घ्या, मग एकेक वाचत कंट्रोल+डब्ल्यू. आणि ॲड्रेस बारमध्ये काहीही टाइप करून नुसत्या एंटरऐवजी आल्ट+एंटर दिलं की ते नव्या टॅबमध्ये उघडतं, समोरचं पान शाबूत राहतं. चालू पानाची दुसरी प्रत हवी असेल तर आल्ट+डी, मग आल्ट+एंटर. एजमध्ये यासाठी कंट्रोल+शिफ्ट+के आहे. लॉगिन केलेल्या पोर्टलवर हे करताना जपून. काही पोर्टल तेच पान दुसऱ्या टॅबमध्ये दिसलं की सेशनच तोडतात, आणि भरलेलं सगळं जातं.

ट्रॅकिंगचे टॅब मुळात कमी करायचा मार्ग वेगळाच आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. एखाद्या साइटवर कंटेनर नंबर टाकून शोधल्यावर वरच्या पत्त्यात तो नंबर दिसतो का ते बघा. दिसत असेल तर तो आख्खा पत्ता कॉपी करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या भागात ‘साइट सर्च’ आहे, तिथं ‘ॲड’ दाबा. नाव काहीही द्या, शॉर्टकट म्हणून दोन इंग्रजी अक्षरं द्या, आणि पत्त्याच्या रकान्यात कॉपी केलेला पत्ता चिकटवून त्यातला कंटेनर नंबर पुसून त्या जागी टक्क्याची खूण आणि तिला लागून इंग्रजी लहान एस (%s) लिहा. सेव्ह करा. यापुढे कंट्रोल+टी, ती दोन अक्षरं, स्पेस, चार अक्षरं-सात आकड्यांचा कंटेनर नंबर, एंटर. पान सरळ उघडतं. काम झालं की कंट्रोल+डब्ल्यू. टॅब जपून ठेवायची गरजच राहत नाही, कारण परत काढायला पाच सेकंद लागतात. पत्त्यात नंबर दिसतच नसेल, म्हणजे साइट तो आतल्या आत पाठवत असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

घाऊक सफाईसाठी: पहिल्या टॅबवर क्लिक, शिफ्ट धरून शेवटच्यावर क्लिक, मधले सगळे निवडले जातात. सुटे-सुटे निवडायचे तर कंट्रोल धरून क्लिक. मग एकच कंट्रोल+डब्ल्यू, निवडलेले सगळे बंद. निघताना जॉब अर्धा राहिला असेल तर त्या विंडोत कंट्रोल+शिफ्ट+डी दाबा. विंडोतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला जॉब नंबर द्या आणि विंडो बंद करा. सकाळी फोल्डरवर राइट-क्लिक करून सगळे एकदम उघडा. जॉबचं ओओसी (आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सकडून मालाची सुटका) झालं, डिलिव्हरी झाली, की फोल्डर उडवा. नाहीतर टॅबचा पसारा तसाच बुकमार्कमध्ये जाऊन बसतो.

एवढं बसल्यावरही काही वेळा शॉर्टकट ‘चालत नाहीत’. त्याची कारणं ठरलेली आहेत.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण मराठी कीबोर्ड. ट्रान्सपोर्टरला व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिलं, भाषा परत इंग्रजी केली नाही, आणि कंट्रोल+शिफ्ट+ए दाबून साइटचं नाव टाइप केलं, तर ते देवनागरीत उमटतं आणि शोधात काही येत नाही. चौकट बरोबर आहे, अक्षरं चुकीची आहेत. विंडोज की+स्पेस दाबून भाषा बदला. याची उलटी बाजूही आहे. विंडोजमध्ये डावं आल्ट+शिफ्ट किंवा कंट्रोल+शिफ्ट ही जोडी भाषा किंवा लेआउट बदलण्यासाठी ठेवलेली असते. कंट्रोल+शिफ्ट धरलं, टी कुठं आहे ते शोधत थांबलात आणि न दाबताच बोटं उचलली, की लेआउट बदललेला असतो आणि पुढच्या ओळीत भलतीच अक्षरं येतात. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज इथं जाऊन या दोन्ही जोड्या काढून टाका. भाषा बदलायला विंडोज+स्पेस पुरेसं आहे.

दुसरं कारण फोकस. डीएससी (डिजिटल सही) टोकनचा पासवर्ड विचारणारी खिडकी किंवा प्रिंटचा डायलॉग वर आला की तुमच्या की क्रोमकडे जातच नाहीत. कधी तो डायलॉग क्रोमच्या मागे दडलेला असतो आणि ब्राउझर गोठल्यासारखा वाटतो. आल्ट+टॅबनं त्याला पुढे आणा, उत्तर द्या, मग क्रोममध्ये परत या. रिमोट डेस्कटॉपवर काम चालू असेल तेव्हाही दाबलेली की पलीकडच्या मशीनवर जाते. कंट्रोल+डब्ल्यू दाबण्याआधी नक्की कुठल्या मशीनवर आहात ते बघा.

तिसरं, काही पानं स्वतःचे शॉर्टकट वापरतात आणि ब्राउझरला की मिळू देत नाहीत. कंट्रोल+टी, कंट्रोल+एन आणि कंट्रोल+डब्ल्यू मात्र क्रोम कुठल्याही पानाला देत नाही, त्यामुळे ते चालतातच.

टॅबवर परत गेल्यावर पान नव्यानं लोड होतं आणि भरलेलं जातं, अशी तक्रार असेल तर तो कीबोर्डचा दोष नाही. क्रोमचं मेमरी सेव्हर बराच वेळ न वापरलेले टॅब झोपवतं. सेटिंग्जच्या परफॉर्मन्स भागात ज्या साइट कायम जाग्या ठेवायच्या त्यांची यादी देता येते. आइसगेट आणि तुमचं रजिस्टर तिथं टाका. मशीन जड झालं तर शिफ्ट+एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं आणि तेवढाच बंद करता येतो. आणि पेमेंटच्या किंवा चलनाच्या पानावर एफ५ किंवा आल्ट+डावा बाण कधीही दाबू नका, पान कितीही वेळ फिरत राहिलं तरी.

मॅकवर बसणाऱ्यांसाठी: कंट्रोलच्या जागी कमांड घ्या, बाकी बहुतेक तेच. टॅब, पेज अप-डाउन यांच्यासोबतचे मात्र कंट्रोलवरच राहतात. तिथं कमांड+क्यू आख्खं क्रोम बंद करतं आणि क्यू डब्ल्यूच्या शेजारीच आहे, म्हणून क्रोमच्या मेनूमधली बंद करण्याआधी इशारा देण्याची टिक चालू ठेवा.

आता तिसरी तक्रार. दोन टॅबमध्ये दोन पार्ट्यांचं लॉगिन टिकत नाही, कारण लॉगिन टॅबकडे नसतंच. तुम्ही कोण हे सांगणारी कुकी ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये असते आणि त्या प्रोफाइलमधल्या सगळ्या टॅबना, सगळ्या विंडोंना तीच मिळते. दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या पार्टीचं लॉगिन केलं की कुकी बदलते. पहिला टॅब दिसायला पहिल्या पार्टीचा असतो, पण पुढचं क्लिक केलं की एकतर बाहेर फेकला जातो, नाहीतर, आणि हे जास्त वाईट, दुसऱ्या पार्टीच्या नावानं काम करू लागतो. चेकलिस्टवर आयईसी (आयातदार-निर्यातदाराचा कोड) चुकीचा निघण्याचं एक कारण हेही असतं.

वेगळी विंडो उघडून उपयोग नाही, प्रोफाइल तेच राहतं. इन्कॉग्निटो, म्हणजे कंट्रोल+शिफ्ट+एन, चालतं, पण एकदाच: सगळ्या इन्कॉग्निटो विंडो मिळून एकच कुकीची पेटी वापरतात, म्हणून तिसऱ्या पार्टीसाठी दुसरी इन्कॉग्निटो विंडो उघडली तर भांडण पुन्हा सुरू. नेहमीच्या मोठ्या पार्ट्यांसाठी क्रोमची वेगळी प्रोफाइल करा. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावरून नवं प्रोफाइल करता येतं. गुगल खातं जोडायची गरज नाही. प्रत्येकाला वेगळा रंग आणि पार्टीचं नाव द्या. एकातून दुसऱ्यात जायला कंट्रोल+शिफ्ट+एम. रंग वेगळा असल्यानं आपण कोणाच्या नावानं बसलोय हे सबमिट दाबण्याआधी डोळ्याला दिसतं. फायरफॉक्स वापरत असाल तर मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन घ्या, त्यात एकाच विंडोत प्रत्येक टॅबची कुकी वेगळी ठेवता येते.

एकच युजर आयडी दोन ठिकाणी उघडायचा असेल तर यातलं काहीही कामाचं नाही. तो नियम पोर्टलच्या सर्व्हरवर असतो. दुसरीकडे लॉगिन झालं की पहिलं बंद होतं, प्रोफाइल कितीही वेगळी असोत. ऑफिसात कोणता आयडी कोण वापरतंय हे तोंडी ठरवून घ्यावं लागेल. आणि काम झाल्यावर नुसतं कंट्रोल+डब्ल्यू करू नका, आधी लॉगआउट करा. टॅब बंद केल्यानं सर्व्हरवरचं सेशन संपत नाही. शेजारच्यानं कंट्रोल+शिफ्ट+टी दाबलं आणि सेशन अजून जिवंत असेल, तर पार्टीचं खातं त्याच्यासमोर उघडं असतं.